भीती सांगणाऱ्या बाई

पहिल्या दिवशी मी शाळेत हजर झालो तेव्हा परिपाठ चालू होता. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, प्रार्थना झाली. मला वाटलं, आता सुविचार आणि बातम्या झाल्या की पोरं वर्गात जातील. तेवढ्यात मुख्याध्यापिका गायकवाड बाई पुढे आल्या, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या, "आज मला नव्या सरांची भीती वाटते. ते नगरला शिकलेत. मला कॉम्प्युटरवर माहिती भरता येत नाही, हे त्यांना दुपारपर्यंत कळेल."

पोरांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. मग एकेक जण उभं राहून आपापली भीती सांगू लागलं. एकाला गोठ्यातल्या मारक्या गाईची भीती वाटत होती, एकीला भागाकाराची. पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "आमची आय लई खोकती, त्याची." बाई प्रत्येकाला नुसतं "बरं" म्हणत होत्या. शेवटी माझी पाळी आली. "मला कशाचीच भीती वाटत नाही," मी म्हणालो. तेव्हा मात्र सगळी शाळा खो खो हसली. "पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणत्यात," बाई म्हणाल्या आणि मला बसायला खुर्ची दिली.

खरं सांगायचं तर माझ्याइतका भित्रा मास्तर पारनेर तालुक्यात शोधून सापडला नसता. कुत्रं भुंकलं की मी गाडी वळवून लांबच्या रस्त्याने जातो. तरी बाई माझ्याहून सवाई निघाल्या. त्यांना विजेची भीती, कुत्र्यांची भीती, नगरला जिल्हा परिषदेत मीटिंगला गेलं की लिफ्टची भीती. केंद्रप्रमुखांचा फोन आला की आधी पाणी प्यायच्या आणि मग उचलायच्या. फक्त एकच फरक होता. मी भीती लपवायचो आणि त्या ती भाजीच्या भावासारखी सगळ्यांना सांगत सुटायच्या. "भ्या सांगितलं की निम्मं हुतं," असं त्यांचं म्हणणं. "उरलेलं निम्मं?" मी एकदा विचारलं. "ते घिऊन जायचं मग," त्या म्हणाल्या.

बाई आता नाहीत. निवृत्तीनंतर फार दिवस राहिल्या नाहीत. त्या दिसायला कशा होत्या, हे सांगायचं तर बुटक्या, गोल, तेल लावून घट्ट अंबाडा घातलेल्या, आणि चालताना चपला फटक फटक वाजवणाऱ्या. पोरांना त्या येताहेत हे लांबूनच कळायचं. शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. गाव डोंगराच्या अंगाला, कोरडवाहू, ज्यांच्या विहिरीला पाणी त्यांचा कांदा. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. त्या गावात चांगली माणसं आहेत आणि मी सांगणार आहे ती गोष्ट चांगल्याच माणसांच्या हातून घडली.

बाईंचा जन्म कोपीतला. आई-बाप ऊसतोडीला संगमनेरकडे जायचे, तिथं कारखान्याच्या माळावर पाचटाची कोपी घालून राहायचे. टोळी हलली की कोपी मोडायची, दुसरीकडे घालायची. "शाळंत जाईस्तोवर मला दार म्हंजे काय ते ठाऊक न्हवतं," बाई सांगायच्या. कदाचित म्हणूनच शाळा सुटल्यावर प्रत्येक कुलूप त्या ओढून बघायच्या, आणि फाटकापर्यंत जाऊन पुन्हा मागे येऊन ओढून बघायच्या. मी फाटकात गाडी चालू करून ताटकळत असायचो.

परिसर अभ्यासात निवाऱ्यावरचा एक धडा असतो. त्यात कौलारू घराचं, इमारतीचं, तंबूचं अशी रंगीत चित्रं असतात. बाई तो धडा आला की पुस्तक मिटायला लावायच्या आणि तिसरी-चौथीच्या पोरांना भर उन्हात मैदानावर न्यायच्या. जुन्या साड्या, गोणपाट, चार बांबू. पोरांनी पाल उभं करायचं आणि आत बसायचं. पोरं खूश, खेळच तो. मग बाई हातात छडी घेऊन यायच्या आणि वेगळ्याच आवाजात ओरडायच्या, "ए, उठा. कुनाला इचारून बसलात? जागा आमची हाय." पोरं पाल मोडून मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची. जरा कुठे सावली झाली की बाई तिथेही हजर. "उठा." तिसऱ्या वेळी पोरांचं हसणं बंद व्हायचं. चौथ्या वेळी एखादं रडायला लागायचं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आधी फाटकाकडे बघितलं, कुणी पालक तर नाही ना. बाईंचा चेहरा ओळखू येत नव्हता. नंतर त्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसल्या आणि छडी टेबलाखाली ढकलून दिली.

मग दुसरा भाग. घर नसलेल्या माणसाकडे जायचं कसं? त्याचे बाईंचे नियम होते आणि ते पाढ्यांसारखे पाठ करून घेतलेले असत. पालाला दार नसतं म्हणून थेट आत घुसायचं नाही. लांब उभं राहून तोंडाने "टकटक" म्हणायचं. उभ्याने काही द्यायचं नाही. "उभ्यानं देत्यात ती भीक. बसून खाल्लं ते जेवान." आधी त्यांच्या जमिनीवर बसायचं, सोबत घास खायचा, आणि घरचं माणूस "उठा" म्हणेपर्यंत उठायचं नाही. मध्येच उठून पळालं तर त्याला वाटतं, ह्यांना आपली किळस आली. हा शेवटचा नियम चौथीतल्या आरोहीला फार आवडायचा. ती दुधाची पिकअप चालवणाऱ्या दत्तूची मुलगी, वर्गाची पुढारीण, दोन वेण्या आणि सदानकदा प्रश्न. बाईंनी तिच्या बापालाही शिकवलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला बाई याच गावात होत्या आणि बदल्या होत होत शेवटी पुन्हा इथेच आल्या होत्या. त्यामुळे गावातले निम्मे बाप्ये त्यांचे विद्यार्थी होते आणि त्या निम्म्यांनी लहानपणी परिपाठात उभं राहून आपापली भीती सांगितलेली होती.

त्या वर्षी कांदा काढणीच्या दिवसांत गावाबाहेरच्या पाझर तलावाखाली एक लोहारकाम करणारं कुटुंब येऊन उतरलं. मध्य प्रदेशातून आलेलं. एक म्हातारा, त्याची सून, आणखी दोन बाया आणि सुनेच्या काखेत तान्हं पोर. म्हाताऱ्याचा मुलगा कुठे दुसरीकडे कामाला गेला होता. खुरपी, विळे, कुऱ्हाडी करायच्या आणि विकायच्या. बाईंनी शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या आधी, चौथीचा वर्ग तिथे नेला. मीही गेलो होतो. सगळ्या पोरांनी एका सुरात "टकटक" केलं तेव्हा तो म्हातारा हातातला हातोडा घेऊन उभाच राहिला. त्याला आधी वाटलं, गावाने हाकलायला पाठवलंय. मग पोरं जमिनीवर बसली, डबे उघडले, भाकरी आणि ठेचा पुढे केला, तेव्हा त्याने हातोडा खाली ठेवला आणि डोळे पुसले. त्याच्याकडे पोरांना द्यायला काही नव्हतं. तो सारखं तेच म्हणत होता, "मेहमान आया और घर में गुड़ भी नहीं." निघताना त्याने आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला. "अगले शनिवार आना. गुड़ खिलाऊंगा." आरोहीने सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं, "येतो, बाबा."

आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर ते आलं. मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे, वेश बदलून फिरते, गोळ्या-बिस्किटं देते, सावध राहा. सोबत कुठलातरी अंधुक व्हिडिओ. कुठला, कधीचा, कुणाला ठाऊक नाही. पण प्रत्येकाच्या मोबाईलवर तो तीन-तीन ठिकाणांहून आला, त्यामुळे तो खरा ठरला. मंगळवारपासून आया पोरांना शाळेत सोडायला यायला लागल्या. बुधवारी शेजारच्या गावात कुणीतरी अनोळखी पकडल्याची बातमी आली, मग तो बियाणांच्या कंपनीचा माणूस निघाला अशीही आली, पण ती दुसरी बातमी कुणी पुढे पाठवली नाही. गावातली तरणी पोरं आळीपाळीने गस्त घालायला लागली. गावात एक वेगळीच शांतता होती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं आणि प्रत्येक जण रस्त्याकडे बघत होता. मीही शाळेची खिडकी लावून शिकवत होतो, उकाड्याने जीव जात होता तरी.

शुक्रवारी बाई मला म्हणाल्या, "सर, उद्या पोरं न्यायची न्हाईत. लोक काय करतील सांगता येत न्हाई."

"मग परिपाठात तसं सांगा ना," मी म्हणालो.

"कसं सांगू? तुमच्या आई-बापाची भीती वाटते असं सांगू? पोरं घरी जाऊन बोलत्याल." त्या खडू घेऊन वर्गात गेल्या. आणि मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच बाईंनी वर्गात खोटं कारण दिलं. त्या म्हणाल्या, "उद्या आपण तलावावर जाणार नाही. ऊन फार आहे."

पोरांनी ऐकून घेतलं. बाई जे सांगतात ते खरंच असतं, यावर त्या पोरांचा अख्खा विश्वास. तेव्हा अडचण उन्हाची आहे, असं त्यांनी धरलं. आणि उन्हावर उपाय प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतो.

शनिवारी शाळा सुटली. आया कांदा काढायला रानात, त्यामुळे न्यायला आलेली माणसं कमी होती. बाई आणि मी ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसलो. नेट येत-जात होतं. उन्हं चांगली कलली होती तेव्हा आरोहीची आई धावत आली. पायात चप्पल नव्हती, हाताला कांद्याची माती तशीच. "बाई, आरोही हाय का हितं?" नव्हती. तिच्याबरोबरची आणखी तीन पोरंही घरी पोचली नव्हती. आरोहीची आई दाराची चौकट धरून खाली बसली. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडत गेलं, "घावला, एक घावलाय, वेशीपाशी."

आम्ही बाहेर पडलो. बाईंनी माझा दंड धरला होता आणि त्यांची बोटं माझ्या मांसात रुतत होती. रस्त्याने माणसं धावत होती. वेशीपाशी जमाव होता, सगळ्या ओळखीच्या पाठी. मध्ये कोण आहे ते दिसत नव्हतं, पण मारल्याचा आवाज येत होता. तो आवाज मी आजवर विसरलेलो नाही. मग गर्दी जरा फाटली आणि मला तो लोहारबाबा दिसला. भुवईतून रक्त येत होतं, उजवा हात त्याने पोटाशी धरला होता. समोर एक पिशवी उलटी पडली होती. मातीत गुळाची ढेप, आणि रंगीत कागदातल्या गोळ्या.

"गोळ्या बघा. गूळ बघा. पोरं फशी पाडायला आनलंय ह्यानं," एक जण सगळ्यांना दाखवत होता. म्हातारा हिंदीत काहीतरी म्हणत होता. "मेहमान, साब, बच्चा लोग मेहमान है." ते कुणी ऐकत नव्हतं, आणि त्यातला "बच्चा" तेवढा ऐकू येऊन दोघे-चौघे पुन्हा पुढे सरकले. दत्तू त्याच्या डोक्याशी उभा होता. हातात पिकअपमधला जॅकचा दांडा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाईंच्या तेव्हाच लक्षात आलं. त्या माझ्या कानाशी आल्या. "शनिवार हाय आज. पोरं पालावर असत्याल, गूळ खायला गेल्यात. पन ह्यांना सांगू नका. हा सगळा जमाव तिकडं जाईल. तिथं बाया हायेत, तान्हं पोर हाय. तुमी एकटे जा. गुपचुप जा."

आणि त्या गर्दीत शिरल्या. मी गाडीकडे वळायला हवं होतं, पण वळलो नाही. मी पाहत राहिलो. बाईंना कुणीतरी अडवलं. "बाई, तुमी मदी पडू नका. तुमीच शिकवलंय पोरान्ला ह्यांच्यात जायला." बाई त्याला वळसा घालून पुढे सरकल्या. त्या म्हाताऱ्याजवळ गेल्या आणि मातीत मांडी घालून बसल्या. त्याच्या इतक्या जवळ, की त्याला मारायला काठी उगारली तर ती बाईंना लागावी.

"मला आज तुमची भीती वाटते," त्या म्हणाल्या. परिपाठातलाच आवाज, पण कापरा. "येताना माझं पाय चालत न्हवतं. आत्ता बी पोटात कालवतंय. तुमी मला मारताल का, हेबी मला सांगता येत न्हाई." मग त्यांनी मान वर करून एकाकडे पाहिलं. "सुनील, काठी तुझ्याच हातात हाय, मग हात का कापतोय? तुझी भीती सांग." सुनीलने काठी मागे घेतली. बाईंनी दत्तूकडे पाहिलं. "दत्तू, तू सांग."

दत्तूचे ओठ हलले. "बाई, आरोही सापडत न्हाई," तो म्हणाला आणि एवढा मोठा गडी हमसून हमसून रडायला लागला.

"बरं," बाई म्हणाल्या. आणि पुढच्याला विचारलं.

मग मी पळालो. गाडीला तीन-चार किका माराव्या लागल्या. तलावाकडची वाट खडीची, आणि सगळ्या वाटेवर माझ्या मनात एकच होतं: पोरं तिथे नसली तर? नसली तर मागे वेशीत काय होईल, याचा विचार मी करूच शकत नव्हतो. पालापाशी पोचलो, गाडी आडवी टाकली आणि धावत आत शिरलो.

चौघंही होती. गोणपाटावर ओळीने मांडी घालून, प्रत्येकाच्या डोक्याला उन्हासाठी बापाचा पंचा गुंडाळलेला. आरोही माझ्याकडे बघून रागावली. "सर, तुमी टकटक केलं न्हाई."

"उठा. चला लवकर," मी म्हणालो.

"आमी उठनार न्हाई. बाबा गूळ आनायला फाट्यावर गेल्यात. घरचं मानूस उठा म्हनल्याशिवाय उठायचं नसतं." बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. ती पोरं दुपारपासून तिथे बसून होती. भुकेली, तहानलेली, घरची आठवण येत असलेली, पण बसून. आणि ती सून समोर चुलीपाशी अवघडून बसली होती. तिने पोरांना जा असं कसं म्हणायचं? तिच्याकडे पाहुण्याला काही न खाऊ घालता उठा म्हणणं म्हणजे हाकलणं. आरोही आणि ती, दोघीही आपापल्या रीतीने चांगलं वागत होत्या, आणि त्या चांगुलपणापायी वेशीत एक माणूस मरायला टेकला होता.

"आप बोलिए इनको, उठो," मी तिला म्हणालो.

"ऐसे कैसे, मास्टरजी? बाबा गुड़ ला रहे हैं. बच्चे भूखे जाएंगे क्या?"

मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. बाबा, गाँव, लोग, मार, असे तुटके शब्द. पण तिला ते पुरले. तिने तान्ह्या पोराला छातीशी धरलं. एक क्षण तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्या जमावातलाच एक आहे. मग पोरांकडे वळून तोंडावर हसू आणायचा प्रयत्न करत ती म्हणाली, "उठो, बेटा. फिर आना."

एक टाकीवर, तिघं मागे, असा मी त्यांना घेऊन आलो. वेशीत बाई अजून बसलेल्याच होत्या. सगळा जमाव उभा होता, पण मारत नव्हता. एका म्हाताऱ्या आजोबांना बाई विचारत होत्या आणि ते सांगत होते की त्यांना ह्या मोबाईलचीच भीती वाटते. पोरांना पाहून बाया धावल्या. किंकाळ्या, रडणं, चापट्या, मिठ्या. आरोही आईच्या हातातून निसटून थेट लोहारबाबाकडे गेली. "बाबा, गूळ आनला का?" असं ती विचारायला गेली आणि त्याचा चेहरा बघून अर्ध्यातच थांबली. माणसं एकेक करून पांगली. कुणी कुणाकडे बघितलं नाही. जॅकचा दांडा तिथेच रस्त्यात पडला होता. मी वाटेतून फोन केला होता त्या पोलिसांची गाडी नंतर आली आणि म्हाताऱ्याला पारनेरच्या दवाखान्यात घेऊन गेली. त्याने कुणाचं नाव सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तलावाखाली पाल नव्हतं.

सोमवारी परिपाठाला पालक फाटकाबाहेर उभे होते. बाई पुढे आल्या. "शुक्रवारी मी तुमाला खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "ऊन न्हवतं कारण. मला मोठ्या मानसांची भीती वाटत हुती आनि ती मी लपवली. मी लपवली, म्हनून तुमाला कळलं न्हाई, म्हनून बाबाला मार बसला." फाटकाबाहेर सगळ्यांनी ते ऐकलं. ग्रामसभेत ठराव झाला की शाळेने असले प्रकार बंद करावेत. बाईंनी सही केली. नंतर मला म्हणाल्या, "सर, धडा बंद केला. पन पोरं इचारत्याल तवा गप कशी बसू?"

त्यानंतर दर रविवारी बाई नगरला, सुप्याला, घारगावला, जिथे रस्त्याकडेला पालं दिसतील तिथे लोहारबाबाला शोधत फिरल्या. कुत्र्यांना भिणाऱ्या बाई पाला-पालांतून हिंडल्या. कधी मी नेलं, कधी एस.टी.ने गेल्या. थंडीत एकदा दत्तू शाळेत आला. त्या दिवसानंतर तो बाईंसमोर आला नव्हता. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "बाई, दिसले ते. संगमनेरच्या अलीकडं, हायवेच्या कडंला. मी दूध घालायला गेल्तो तवा बघितलं. गाडी थांबवायचं धाडस झालं न्हाई."

रविवारी त्याच्याच पिकअपमधून गेलो. पुढे दत्तू, मग आरोही, मग बाई, आणि मी मागे हौद्यात दुधाच्या कॅनसोबत. आरोहीने हट्टच धरला होता. मागची काच उघडी होती. बाई म्हणाल्या, "मला आज लई भीती वाटतीया." दत्तू म्हणाला, "मला बी." आरोही म्हणाली, "मला न्हाई. मला बाबाला बघायचंय."

पाल रस्त्यापासून जरा खाली होतं. सून घण मारत होती. म्हातारा सांडशीने लोखंड धरून बसला होता, डाव्या हाताने. उजवा कोपरात वाकडा झाला होता. गाडी थांबते न थांबते तोच आरोहीने बाईंच्या अंगावरून उडी मारली आणि "बाबा" म्हणत धावत सुटली.

त्याने वर पाहिलं. सांडशी हातातून पडली. तो उठला आणि मागे सरकायला लागला, सरकत सरकत पाण्याच्या चारीच्या काठापर्यंत गेला. त्याने हात पुढे केले होते, एक सरळ आणि एक अर्धाच. "नहीं बेटा, नहीं. उधर रुको. पास मत आओ, कोई देख लेगा." आणि तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होता, आम्हाला नव्हे, रस्त्याला. दहा वर्षांच्या पोरीला भिऊन एक म्हातारा माणूस थरथरत उभा होता. आरोही होती तिथे थांबली.

बाई खाली उतरल्या, पण पुढे गेल्या नाहीत. लांबूनच हात जोडले. सुनेने ओळखलं असावं, तिनेही जोडले, आणि मग हलकेच मान हलवली. जा, असं. "चला," बाई म्हणाल्या.

गाडीत आरोही आपल्या जागी बसली. दत्तूने गाडी चालू केली नाही. "बाबा मला का भ्याले?" तिने विचारलं. "मी त्यांना कदी काय केलंय?"

बाईंनी तिच्या डोक्यावरून दत्तूकडे पाहिलं. "दत्तू, तू सांग तिला. मी लपवून बघितलंय."

दत्तू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. "त्यांचा हात मी मोडला, आरू," तो म्हणाला. "दांडा माझ्या हातात हुता."

आरोहीने त्याच्या हातांकडे पाहिलं. ती बापाला लागून बसली होती. हळूच, त्याला कळू नये अशी, ती सरकली आणि बाईंच्या अंगाला चिकटून बसली. दत्तूला ते कळलं. त्याने गाडी चालू केली.